शिडी काढल्यावर

ठिणगीने पाण्यात उतरायला नकार दिला, ही बातमी शेडच्या दारातून मागच्या भिंतीपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. त्यात बातमीचा दोष नाही, शेडच तेवढी लांब. दोर वळायचा तर सुताची टोकं आकड्यांना अडकवून माणसाला पाठमोरं चालत जावं लागतं, आणि दोर जेवढा हवा त्याहून बरंच जास्त चालावं लागतं, कारण पीळ बसताना सूत आखडतं. म्हणून आजोबांनी बांधली ती शेड कसली, वर पत्रे टाकलेली गल्लीच.

दाजी ती अख्खी गल्ली धावत आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान, धंद्याने चष्मेवाले. धावायची सवय नाही, त्यात पायात खास आजच्यासाठी घेतलेले नवे बूट. टोकाला पोचेपर्यंत त्यांचा स्वतःचाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"सुंभराव," ते धापा टाकत म्हणाले, "पोरगी म्हणते बाप्तिस्मा घेणार नाही."

सुंभ तुळईखाली बसून फळीच्या गाठी चाचपत होता. त्याने मान वर केली नाही.

"का, पाणी गार आहे?"

"कोमट आहे. पाळकांनी स्वतः हात घालून बघितलंय." पाळक पूर्वी नळदुरुस्ती करायचे, त्यामुळे प्रार्थनाघरातल्या हौदावर त्यांचा फार जीव. "ती म्हणते, काका आत येणार असेल तरच मी पाण्यात उतरेन."

"तिला सांगा, काका कामात आहे."

"सांगितलं. ती म्हणाली, काका दर रविवारी कामातच असतो."

खरंच होतं ते. दर रविवारी कुठला ना कुठला दोर त्याच्यावाचून अडायचा. आज अग्निशमन दलाचा अडला होता, दुपारी त्यांची गाडी न्यायला येणार होती. कधी काहीच अडलं नाही तर तो प्रार्थनाघरापर्यंत जायचा, आणि सायकली लावतात तिथल्या कठड्यावर बसून बाहेरून गाणी ऐकायचा. आत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरायची वेळ झाली की उठून चालू लागायचा. घरीही तीच गत. सगळे टेबलाशी, हा शेडमध्ये डांबराच्या पिंपावर ताट ठेवून.

सुंभ हे नाव बापाने ठेवलेलं. लहानपणी काहीतरी खोडी केली म्हणून त्याला कोपऱ्यात उभा केला होता. संध्याकाळी बाप म्हणाला, चल, झालं आता, जेवायला ये. हा हलला नाही. म्हणाला, माझी शिक्षा अजून संपली नाही. बापाने कपाळाला हात लावला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, ते हेच कार्टं. तेव्हापासून सुंभ. आता डोक्यावर मूठभर पांढरे केस उरले होते, पण तो अजून त्या कोपऱ्यातच उभा होता म्हणायला हरकत नाही.

आणि या खेपेची शिक्षा खोडीची नव्हती.

घरचा नियम असा की दोर शेडबाहेर जायच्या आधी तुळईला बांधायचा. त्याला आधी दगड लटकवायचे, मग ज्याने दोर वळला त्याने स्वतः लटकायचं. शिडीने चढायचं, दोराच्या टोकाला बांधलेल्या फळीवर बसायचं, शिडी काढायला सांगायची, आणि झोका घ्यायचा. दगड गपगुमान लटकतो, माणूस हलतो. दोराचे पदर एकमेकांत ओवून जोड घालतात तो सांधा, आणि सांधा कच्चा असेल तर कळतं ते हलल्यावर. त्या सकाळी दोर सुंभचा होता. रात्रभर पिऊन त्याने सांधा घातला होता. पदर तीनदा ओवायचे ते एकदाच ओवले आणि वरून सुतळी गुंडाळून सगळं झाकून टाकलं. सकाळी त्याला धड उभं राहता येईना. थोरल्याने, म्हणजे दादाने, त्याच्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं नाही. झोपू दे त्याला, म्हणाला, आज त्याच्या जागी मी चढतो. आणि चढला. दगडांना पुरलेला सांधा झोक्याला पुरला नाही. खाली दगडी फरशी.

ठिणगी तेव्हा बोबडं बोलत होती.

त्या दिवसापासून सुंभने बाटलीला हात लावला नाही. आणि त्या दिवसापासून दोर कुणीही वळो, तुळईवर लटकायचा तो सुंभच. दुसऱ्या कुणाला तो शिडीजवळ फिरकू देत नसे. लोकांना वाटायचं किती काळजी करतो सगळ्यांची. काळजी होतीच. पण आत कुठेतरी त्याला असंही वाटायचं की एक दिवस यातला एखादा दोर सुटेल, आणि मग आपण दादाच्या बरोबरीला येऊ. मग आत जाता येईल, ताठ मानेने.

दाजींच्या मागून ताई आली. ती धावत आली नाही, पण तिची पर्स धावत आल्यासारखी हलत होती. ताई दोघा भावांच्या मधली. दादा गेल्यापासून ती सुंभशी सरळ बोलली नव्हती. बोलायचंच झालं तर तो समोर असताना दुसऱ्या कुणाशी तरी बोलायची.

"यांना विचारा," ती दाजींना म्हणाली, "सुंभ्याने पोरीला काय शिकवलंय ते."

"मी काही शिकवलं नाही," सुंभ म्हणाला.

"यांना सांगा, मला ते माहीत आहे. त्याला काय येतंय शिकवायला."

दाजी दोघांच्या मध्ये उभे होते, चष्मा पुसत. गेली कित्येक वर्षं ते असेच मध्ये उभे होते, आणि चष्मा फार स्वच्छ ठेवत होते.

तेवढ्यात वहिनी आणि ठिणगी आल्या. वहिनी म्हणजे दादाची बायको. शेड तीच चालवायची. सूत कुठून आणायचं, कुणाला काय कबूल करायचं, सगळं तिच्या डोक्यात. ठिणगीने बाप्तिस्म्याचा पांढरा झगा घातलेलाच होता, केस मोकळे, पायात घरच्या चपला. एवढ्या मोठ्या भांडणाला ती तशीच उठून आली होती.

वहिनीचं तोंड उतरलेलं होतं. वाटेत तिने लेकीला जे काय सुनावलं असेल त्याचं शेपूट इथे ऐकू आलं. बाप्तिस्मा प्रभूचा असतो, काकाचा नाही. त्याला अटी घालायच्या नसतात. दुकान आहे का ते?

"अगदी बरोबर," ताई म्हणाली, आणि स्वतःच दचकली. वहिनीचं म्हणणं अगदी बरोबर, असं ती या घरात कधी म्हणाली होती हे आठवायला जुनी माणसं बोलवावी लागली असती. "तो बाहेर बसतो ते बरंच करतो. निदान तेवढी लाज आहे त्याला. तू जा बाई, पाणी गार होतंय."

"कोमट," दाजी हळूच म्हणाले.

ठिणगी कुणाशी भांडली नाही. ती सरळ सुंभसमोर जाऊन खाली बसली, झगा धुळीत.

"काका, मी आज पाण्यात उभं राहून सगळ्यांसमोर काय म्हणणार आहे, माहितीये? म्हणणार आहे की येशू माझ्या जागी मेला. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, त्याने फुकट दिलं, मी घेतलं. हे मी आत म्हणणार. आणि बाहेर सायकलींपाशी माझा सख्खा काका बसणार, म्हणत की नाही, फुकट नको, मी चुकतं करतो. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतोय ना?"

"तुझं वेगळं," सुंभ म्हणाला. "तुझ्यासारखीला माफी असते. तू काय केलंयस? कुणाची पेन्सिल चोरली असशील."

"म्हणजे पेन्सिल चोरणाऱ्यांसाठी मेला होय तो?"

दाजींना हसू आलं. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग आलं नाही.

सुंभ उठला. त्याला या बोलण्यातून एकच वाट दिसत होती, वरची. दोर तपासायचाय, म्हणाला, गाडी येईल, तुम्ही व्हा पुढे. आणि शिडी लावायला वळला, तर शिडी लागलेली होती आणि ठिणगी तिच्या अर्ध्यावर होती. चपला खाली.

"खाली ये."

ती वर गेली. फळीवर बसली, झगा गुडघ्यांखाली खोचला, दोन्ही हातांनी दोर धरला.

सुंभने शिडीला मिठी मारली. तो शिडी सोडणार नव्हता. जगबुडी झाली तरी सोडणार नव्हता. शिडी लागलेली आहे तोवर पोरगी लटकलेली नाही, एवढा हिशेब त्याला कळत होता. ताईने भिंत धरली. तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ताईच्या तोंडून शब्द न फुटणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

"काका, दोर तूच वळलास ना?"

"उतर."

"सांधा किती वेळा ओवलास?"

"तीनदा. वर आणखी एकदा. उतर गं बाई."

"मग झालं. मी तुझ्या दोरावर विसंबले. माझ्याकडून एवढंच लागतं, बाकी सगळं दोर करतो. तुला हे एवढंच जमत नाही, विसंबणं. म्हणून तू सारखा वर चढतोस. आई, शिडी काढ."

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. ताईने नकारार्थी मान हलवली. त्यात विनवणी होती. नणंद-भावजय मघाशी एकीकडे होत्या, तशाच आताही राहतील असं तिला वाटलं असावं.

वहिनी एक क्षण लेकीकडे वर बघत राहिली. याच तुळईखाली तिने एकदा असंच वर बघितलं होतं. मग ती पुढे आली, सुंभची बोटं शिडीवरून एकेक करून सोडवली, जशी लहान मुलाच्या मुठीतून कात्री सोडवावी तशी, आणि शिडी बाजूला घेतली.

ठिणगीने झोका घेतला.

सुंभने मान वर केली. हे असं खालून बघणं काय असतं ते त्याला माहीतच नव्हतं. दादाच्या वेळी तो झोपलेला होता, आणि त्यानंतर कायम स्वतःच वर. पोरीचे तळपाय दिसत होते, धुळीने काळे झालेले. पुढे, मागे. तुळई कुरकुरत होती. दोर चांगला होता, पक्का होता, त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यावर आपलं माणूस असणं वेगळं. तो फरशीवर बसला आणि त्याला पहिल्यांदा दादाचा चेहरा दिसला तसा, वर चढतानाचा. आजवर त्याला फक्त पडलेला दादा दिसायचा. चढणारा कधी दिसलाच नव्हता. कुणी ढकलला नव्हता त्याला. शिट्टी वाजवत चढला असेल, त्याला सवयच होती.

दोराने धरलं. झोका मंदावला.

वहिनी सुंभच्या शेजारी फरशीवर टेकली. ती कधी अशी बसायची नाही, आज चांगली साडी होती तरी बसली.

"भावजी, तुमच्या जागी चढला तो, असं मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी रागात होते. तुम्हाला डागण्या द्यायलाच सांगितलं. पण पुढे मी तेच प्रार्थनेत म्हणायला लागले, आणि म्हणता म्हणता राग कधी गेला कळलं नाही. वाक्य तेच राहिलं. तो तुमच्या जागी चढला, म्हणून तुम्ही आहात. तुम्ही रोज तुळईवर चढून ते त्याला परत करायला बघता. त्याला ते परत नकोय. मलाही नकोय."

सुंभने फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दादाने एका सकाळपुरतं केलं, वहिनी. पण त्याच्या आधीचं? आईचं मंगळसूत्र मी... बापाच्या अंगावर हात... ते सगळं? तेवढ्याला दादा कुठे पुरणार?"

"नाहीच पुरणार. माझा नवरा होता तो, मला माहीत आहे तो किती पुरायचा. डोकं तापलं की ताट भिरकावायचा. तो काही देव नव्हता." वहिनी हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "त्याला पुरणारा दुसरा आहे. तोही लाकडावरच चढला, क्रुसावर. तुमच्या जागी, माझ्या जागी, आणि तुमच्या दादाच्याही. आधीचं, नंतरचं, सगळं घेऊन. आणि दोघांत फरक आहे तो इथेच. माझा नवरा पडला तो अजून उठायचा आहे. येशू तिसऱ्या दिवशी उठला. मरणानेच हात टेकले त्याच्यापुढे. आणि तो उठला म्हणून माझाही उठणार. हे मी खरं धरून चालले म्हणून इतकी वर्षं ही शेड उभी आहे. तुम्हाला काय वाटलं, मी लोखंडाची आहे?"

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. तीच तर गंमत आहे. उठा, तोंड धुवा, चला."

"आधी कुणीतरी शिडी लावा," वरून आवाज आला. "पाय बधिर झालेत."

शिडी सुंभने लावली. ठिणगी उतरली आणि तिने काकाच्या खांद्यावर डोकं टेकलं, एवढंच. मग सगळे निघाले. आयुष्यभर तो या शेडमध्ये पाठमोरा चालला होता, जे सोडून चाललो तेच डोळ्यांपुढे ठेवून. आज समोर तोंड करून चालला. दार केवढं मोठं होतं, आणि किती उजेड यायचा त्यातून.

"मी याच्या रांगेत बसणार नाही," ताई दाजींना म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

प्रार्थनाघर म्हणजे एक साधं सभागृह. खुर्च्या, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि पुढच्या बाजूला फळ्या उचलून उघडलेला हौद. सायकलींच्या कठड्यापाशी सुंभचे पाय सवयीने थांबले. वहिनीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही, आणि तिने बघितलं नाही म्हणूनच तो आत गेला. लोकांनी जागा केली. एका म्हातारीने त्याच्या हातात गाण्यांचं पुस्तक दिलं, उलटं. त्याने ते तसंच धरलं. गाणी त्याला सगळी पाठ होती, इतकी वर्षं बाहेरून ऐकून.

पाळक फार बोलले नाहीत. त्यांचं बोलणं नेहमी नळावर यायचं, तसं आजही आलं. आयुष्यभर गळके नळ दुरुस्त केले, म्हणाले, पण स्वतःला दुरुस्त करणारा गळका नळ मी अजून बघितला नाही. कुणीतरी बाहेरून यावं लागतं. आपल्यासाठी देव स्वतः आला, गुडघ्यावर बसला, हात घाण करून घेतले. आपण गळत होतो तेव्हाच आला, थांबल्यावर नाही. एकदा सोडवल्यावर मात्र माणसाने सुटल्यासारखं वागावं, बांधल्यासारखं नाही.

मग ठिणगी हौदात उतरली. पाणी छातीपर्यंत. पाळकांनी विचारलं, तुझा विश्वास कुणावर?

"येशूवर. तो माझ्या पापांसाठी मेला आणि उठला. मी काही केलं नाही, फक्त हो म्हटलं."

"आणि आता जगणार कशी?"

"त्याने मला माफ करून सोडलं तसं मी दुसऱ्यांना सोडणार. जमेल तसं नाही, तो करवून घेईल तसं."

ती पाण्याखाली गेली आणि वर आली, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. एवढ्या जोरात गायले लोक की हौदातल्या पाण्याला शिरशिरी आली. सुंभ गात होता. बाहेरून ऐकताना त्याला कधी कळलं नव्हतं की आत हे गाणं छातीत वाजतं. आपला आवाज घोगरा आहे, बेसूर आहे, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि त्याला काही वाटेना. वाटलं, पत्रे उडाले तरी चालतील.

भाकरीची थाळी निघाली. एका हातातून दुसऱ्या हातात, वहिनीपर्यंत आली. वहिनीने आपला तुकडा घेतला आणि थाळी त्याच्यापुढे धरली. दोर वळून वळून त्याची बोटं लाकडासारखी झालेली, तो एवढासा तुकडा पकडता येईना. खाली पडला. तो खुर्चीखाली वाकला. मेलो, म्हणाला स्वतःशी, इथेही सांडलंच. वहिनीने थाळी तशीच धरून ठेवली होती.

"दुसरा घ्या," ती म्हणाली. "भरपूर आहे."

त्याने घेतला. खाल्ला. मागोमाग प्याला आला, तोही घेतला. आत काही कडकड मोडलं नाही, वीज चमकली नाही. फक्त खूप दिवस चालल्यावर कुणी बस म्हणावं आणि खरंच खुर्ची असावी, तसं झालं.

त्याच वेळी मागच्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उठून बाहेर गेली होती.

जेवण शेडमध्ये होतं, कारण एवढी माणसं मावणार कुठे. टेबलाला टेबल जोडून लांबच लांब रांग केली होती. पाळक, म्हातारी, शेजारपाजारचे, सगळे. अग्निशमन दलाची गाडीही आली, दोर घेऊन जाणाऱ्या दोघांनाही वहिनीने दंड धरून बसवलं. कोण लटकलं या खेपेला, त्यांनी सहज विचारलं. ठिणगीने हात वर केला. ओले केस, तोंडात घास. त्यांना वाटलं चेष्टा करतेय.

सुंभची खुर्ची वहिनीच्या डावीकडे होती. तो बसला. ताटात वाढलं गेलं. समोर दाजी एकटेच होते, शेजारची खुर्ची रिकामी, आणि ते चष्मा पुसत होते.

"कुठे आहे?" सुंभने विचारलं.

"गाडीत. काचा वर करून बसलीये. म्हणते तुम्ही जेवा, मी इथे बरी आहे."

सुंभ उठला. वहिनीने विचारलं नाही कुठे.

गाडी रस्त्यापलीकडे झाडाखाली होती. ताई सरळ समोर बघत होती. त्याने काचेवर टकटक केली. थोड्या वेळाने काच बोटभर खाली आली. आज सांगायला मध्ये दाजी नव्हते, म्हणून तिला त्याच्याशीच बोलावं लागलं.

"काय आहे?"

"ताई, मी तुझी माफी कधी मागितलीच नाही. इतकी वर्षं मी नुसती शिक्षा भोगत बसलो, ती बघून तूच काय ते समजून घेशील म्हणून. मागायला कमीपणा वाटत होता. आज मागतो. तुझा भाऊ माझ्यामुळे गेला. मला माफ कर."

ताईने काच आणखी थोडी खाली केली. "तू त्या कठड्यावर बसायचास, तोवर मला बरं होतं," ती म्हणाली. "तू बाहेर होतास म्हणून मी आत बसू शकायचे. आज तू आत आलास, तर मला बसवेना. असं का व्हावं? मी काय केलंय?"

"मला नाही माहीत."

"आणि मी नाही म्हटलं तर? नाही केलं माफ तर?"

सुंभने विचार केला. सकाळचा सुंभ असता तर त्याने इथेच गाडीच्या बोनेटवर बसकण मारली असती, ती हो म्हणेपर्यंत, वर्षभर लागलं तरी.

"तर वाईट वाटेल," तो म्हणाला. "उद्या परत मागेन. पण आत्ता मी आत जाऊन जेवणार आहे, ताई. मला बोलवलंय. आणि तुलाही. तुझी खुर्ची मांडलेली आहे. ज्याने बोलवलंय त्याने माझं तोंड बघून बोलवलं नाही, आणि तुझंही नाही."

ताईने पर्स उचलली. मग गाडीचं दार उघडलं.

"मी काही माफबिफ केलेलं नाही," ती बाहेर येत म्हणाली. "भूक लागलीये म्हणून येतेय."

"ये की."

"हात दे. गुडघा धरलाय. बघत काय उभा राहिलास, सुंभ्या?"

त्याने हात दिला. तिने तो रस्ता ओलांडेपर्यंत धरला, आणि ओलांडल्यावरही सोडायचं विसरली. दारातून दोघं आत आली तेव्हा टेबलावरचा गलका एकदम थांबला. दाजींनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग घाईने शेजारची खुर्ची मागे ओढली, आणि ठिणगीने काहीच झालं नाही अशा थाटात आत्यापुढे ताट सरकवलं. गलका परत सुरू झाला, आधीपेक्षा दुप्पट.

सुंभ आपल्या जागी बसला. हावऱ्यासारखा जेवला. ताट पुसून स्वच्छ केलं, आणि मग ते वर उचलून, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"वहिनी, आणखी वाढा."